दार्जिलिंगचा वाळूवाला

दार्जिलिंग स्टेशनासमोरचा रस्ता ओलांडला की इंजिनांची शेड. गाडीला अजून अर्धा तास होता, म्हणून सकाळच्या भुरभुर पावसात तिथे जाऊन उभा राहिलो. निळं, बुटकं इंजिन फुसफुसत पाणी पीत होतं. हिने शाल आवळून घेतली आणि म्हणाली, "अहो, हे तर आपल्या माथेरानचंच इंजिन!"

तसं अगदीच चूक नव्हतं. इथल्याच बी क्लासचं, म्हणजे या निळ्या इंजिनांच्या जातीचं, एक इंजिन पुढे माथेरानला आणलं होतं. पण दोन्हीकडच्या मूळ इंजिनांत मोठा फरक. आम्ही बदलापूरचे, माथेरानची गाडी सुटते ते नेरळ म्हणजे अंगण. त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरत नाही, हे हिला पाठ आहे. ती चहा बघायला गेली.

घोड्यावर खोगीर टाकावं तशी या इंजिनाच्या बॉयलरवर पाण्याची टाकी आहे. आणखी थोडं पाणी खाली चाकांच्या मधल्या जागेत. टाकीच्या मागे, केबिनच्या पुढ्यात कोळसा. त्यावर बसून एक जण ढेकळं फोडत होता. मोठ्या इंजिनांना कोळसा-पाण्यासाठी मागे जोडलेला वेगळा डबा, टेंडर असतो. सपाटीवर त्याचं काही वाटत नाही, पण चढावर तो नुसता ओढायचा बोजा. शेवटी लोखंडावर लोखंडच फिरणार. चाक रुळाला धरून राहतं ते वरून दाबणाऱ्या वजनामुळे. मग पाणी आणि कोळसा थेट चालत्या चाकांवरच लादला, तर बोजाचीच पकड होते. बोरघाटातही आधी हीच अक्कल लढवली होती. 1863 साली सुरू झालेल्या त्या घाटात 37 फुटांना एक फूट चढ. त्यासाठी शार्प स्ट्युअर्ट कंपनीने जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेला खोगीरटाकीचीच इंजिनं करून दिली होती. दार्जिलिंगचं बी क्लासही मुळात त्यांचंच, 1889 चं. 1925 पर्यंत अशी 34 इंजिनं झाली, त्यातली काही इतर कारखान्यांत.

यात एक गोम आहे. पाणी वापरलं जातं तसतसं इंजिन हलकं होतं, म्हणजे पकडही सुटत जाते. आणि मुळात टाकीच लहान, त्यामुळे जागोजागी पाणी प्यायला थांबणं आलंच.

गाडी सुटली. घूम स्टेशनपर्यंत जाऊन परत, एवढाच प्रवास. रूळ रस्त्याला खेटून जातात, कधी रस्ताच ओलांडतात; एका दुकानातली लटकवलेली स्वेटरं हात बाहेर काढला तर हाताला लागली असती. रुळांमधलं अंतर दोन फूट, वळणं आखूड. हे निभावायला बी क्लासला चारच चाकं दिली, तीही जवळजवळ, 26 इंच व्यासाची. चाक लहान म्हणून वेग बेताचा, पण ओढ दांडगी. माथेरानच्या मूळ जर्मन इंजिनांना मात्र सहा चाकं होती. सहा चाकं अशा वळणात अडकणार, म्हणून तिथे कण्याच्या आत कणा. आतला जागेवरच फिरतो आणि बाहेरचा पोकळ कणा चाकांसकट वळणाप्रमाणे तिरका होतो. बुद्धीची कमाल आहे! पण मला विचाराल तर दार्जिलिंगचा साधेपणा जास्त आवडला. बिघडायला फारसं काही ठेवलेलंच नाही.

आम्ही पहिल्याच डब्यात होतो. एका चढावर अचानक लय मोडली. भक्-भक्-भक् अशी चाललेली धाप एकदम भकभकभकभक झाली. चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी रांगायला लागली. पावसाने रूळ बुळबुळीत झाले होते. खिडकीतून मान काढली, तर इंजिनाच्या तोंडाशी बफरजवळ दोघे बसलेले, एक या रुळावर, एक त्या. आमच्या बाजूच्याने मांडीवरच्या पोत्यात हात घातला, मूठ रुळावर धरली आणि रांगोळीची रेघ ओढावी तशी बोटांतून वाळू सोडत राहिला. चार-पाच मुठी झाल्या असतील. चाकं खरकन् चावली आणि धाप पुन्हा मोजता येण्यासारखी झाली. माझ्या डोळ्यात कोळशाचा कण गेला तो तेव्हाच.

बतासियाच्या वळशावर गाडी थांबली. सगळे फोटोला धावले, मी इंजिनाकडे, त्या वाळूवाल्यापाशी. "दाजू, वाळू ओली होत नाही का?" नेपाळीत दाजू म्हणजे दादा; बाकीचं मी हिंदीत विचारलं. त्याने पोत्यावरचं प्लास्टिक उचलून दाखवलं. आत कोरडी, बारीक वाळू. "ओली वाळू मुठीतून सुटत नाही," तो म्हणाला आणि चिमूटभर माझ्या हातावर ठेवली.

घूमला, 2258 मीटरवर, धुकं इतकं की इंजिन दिसेना, नुसती शिट्टी ऐकू यायची. तिथलं संग्रहालय घाईत पाहिलं. परतीला उतार. आता वाळूला काम नव्हतं. दाजू डब्याच्या दारात टेकून मोबाइल बघत होता आणि पायाशी अर्धं पोतं उरलं होतं.