आमची वाटचाल : पत्रा, पट्टी आणि ऑटोलिस्प

भोसरीतील एका भाड्याच्या गाळ्यात २००९ साली आम्ही इलेक्ट्रिक पॅनेलची पत्र्याची एन्क्लोजर, म्हणजे बाहेरच्या पेट्या, बनवू लागलो, तेव्हा संगणकावर ड्रॉइंग काढण्याचे ऑटोकॅड म्हणजे आमच्या लेखी ड्रॉइंग बोर्डाच्या जागी आलेला पडदा होता. ग्राहकाने दरवाज्याची उंची पाच मिलिमीटरने बदलली, तरी संपूर्ण डेव्हलपमेंट, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याचे ड्रॉइंग, नव्याने काढावी लागे आणि त्यात अर्धा दिवस जाई.

कंटाळून मी ऑटोलिस्पकडे वळलो. प्रोग्रॅम लिहिण्याची ही भाषा ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून आहे. जाडी, आतली त्रिज्या आणि बाजूंची मापे विचारून सपाट पत्र्याची लांबी काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आले की त्यासाठी लागणारा के-फॅक्टर (वाकवताना पत्र्याच्या जाडीतला जो थर ताणलाही जात नाही आणि दबतही नाही, त्याचे आतल्या पृष्ठभागापासूनचे अंतर भागिले जाडी) आमच्याकडे कुठेच लिहून ठेवलेला नव्हता. आमचे ज्येष्ठ फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, एवढेच सांगत, "दोन एमएमला दर बेंडमागे साडेतीन-पावणेचार वजा करा, साहेब." मग आम्ही दोघांनी दोन मिलिमीटर जाडीची, १०० मिलिमीटर लांबीची पट्टी दोन मिलिमीटर आतल्या त्रिज्येत ९० अंशांत वाकवली आणि बाहेरून मोजलेल्या दोन्ही बाजूंची बेरीज १०३.६ भरली, म्हणजे वजावट ३.६ आणि के-फॅक्टर जवळपास ०.४. मामांचा अंदाज किती नेमका होता, हे मला त्या दिवशी कळले.

मोठा धडा मात्र नुकसानीतून मिळाला. चाळीस ग्लँड प्लेट (पॅनेलमध्ये केबल आत घेण्यासाठीच्या छिद्रांच्या प्लेट) लेझरवर कापून आल्या आणि प्रत्येकीतले एक छिद्र सरकलेले निघाले. प्रोग्रॅममधले गणित बरोबर होते. पण ऑब्जेक्ट स्नॅप, म्हणजे बिंदूला जवळच्या रेषेच्या टोकाशी किंवा मध्याशी आपोआप जोडणारी सोय, चालू राहिल्यामुळे, ड्रॉइंग लहान करून पाहत असताना, प्रोग्रॅमने दिलेला बिंदू शेजारच्या रेषेच्या टोकाला जाऊन चिकटत होता. तेव्हापासून आमचा प्रत्येक प्रोग्रॅम आधी ऑसमोडचे (स्नॅपची सेटिंग साठवणाऱ्या चलाचे) मूल्य जपून ठेवतो, ते शून्य करतो आणि काम झाल्यावर पूर्ववत करतो. मध्येच कोणी एस्केप दाबले तर स्नॅप बंदच राहतो, म्हणून चूक हाताळणारे वेगळे फंक्शनही लिहावे लागले, आणि त्यात माझा एक आठवडा गेला. सॉफ्टवेअर आतून कसे चालते, हे मला त्या आठवड्यात जितके समजले, तितके आधीच्या तीन वर्षांत समजले नव्हते.

प्रिंट काढण्यासाठी मात्र स्क्रिप्ट फाइल, म्हणजे ऑटोकॅडचे आदेश क्रमाने लिहिलेली साधी फाइल, पुरते, फक्त तिच्यात एक जादा स्पेस म्हणजे एक जादा एंटर, हे ध्यानात ठेवावे लागते.

आमच्याकडे नव्याने येणाऱ्या ड्राफ्ट्समनला पहिल्या दिवशी संगणक मिळत नाही. त्याने मामांजवळ उभे राहून पट्टी वाकवायची, व्हर्नियरने मोजायची आणि त्या आकड्यावरून पहिले फंक्शन स्वतः लिहायचे. सध्या स्टेनलेस स्टीलच्या वजावटींचा तक्ता करणे चालू आहे. दीड मिलिमीटरच्या पट्ट्या मोजून झाल्या आहेत, दोनच्या बाकी आहेत.