हाच तो, हे कशावरून?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझ्या सासरच्या, म्हणजे डेन्मार्कच्या वंशावळीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "तिकडे सगळेच येन्सेन नाहीतर हान्सेन. मग तुमचा माणूस हाच, हे कशावरून?"

प्रश्न रास्त आहे. आपण वडिलांचं नाव मधे लावतो आणि आडनाव वेगळं राहतं. डॅनिश खेड्यांत मात्र एकोणिसाव्या शतकातही बापाचं नाव हेच आडनाव असायचं. हान्सचा येन्स तो येन्स हान्सेन, त्याचा नील्स तो नील्स येन्सेन; मुलगी येन्सडॅटर, आणि लग्नानंतरही येन्सडॅटरच. 1828 च्या हुकमानं कायमचं आडनाव ठरवायला सांगितलं खरं, पण खेड्यांत ते रुजायला कित्येक दशकं गेली. त्यात नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत, म्हणून गावात तीच मोजकी नावं फिरत राहायची.

नवऱ्याच्या पणजोबांचे आजोबा मला 1845 च्या जनगणनेत फ्यून बेटावर सापडले. माणसाचा जन्म कुठल्या पॅरिशमधला, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतला, हे लिहिणारी ही पहिली डॅनिश जनगणना. 1834 आणि 1840 च्या याद्यांत वय, धंदा वगैरे मिळतं, पण जन्मगाव नाही. वय 31 लिहिलेलं. त्या पॅरिशची चर्चची जन्म-दफनांची वही उघडली (राष्ट्रीय अभिलेखागारानं या वह्या ऑनलाइन फुकट खुल्या ठेवल्या आहेत, त्यांचे उपकार मोठे), तर त्याच नावाची दोन मुलं! एक 1813 च्या शरदातलं, दुसरं 1814 च्या वसंतातलं. दोघांच्या बापांचं नावही एकच.

मी पहिला धरला. त्याच्या आईचं नाव पुढे आमच्या घरातल्या एका मुलीला दिलेलं होतं, तेवढ्यावर माझा जीव भांड्यात पडला. त्याच्यामागे आणखी तीन पिढ्या लावल्या. ते जुनं गॉथिक अक्षर मोडीसारखंच, सवय होईपर्यंत घाम काढतं. पुष्कळ ठिकाणी तारीखही नसते, 'ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' एवढंच. ट्रिनिटी हा ईस्टरवरून ठरणारा सण, मग त्या वर्षीचा ईस्टर शोधून मोजायचं. सगळं जुळवून सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

दोन वर्षांनी त्याच वहीतली दफनांची पानं दुसऱ्याच कुणासाठी चाळत होते. तिथे तो मुलगा होता. 1816 साल, वय अडीच वर्षं, बापाचं नाव तेच, वस्ती तीच.

दफनांची पानं मी आधी पाहिलीच नव्हती. जुळणारा माणूस मिळाल्याच्या आनंदात न जुळणाऱ्याचं काय झालं हे विचारायचं राहून गेलं. आता दुसरा मुलगा उरला होता, पण उरला म्हणून आपला म्हणायची माझी तयारी नव्हती. त्याचा माग शेजारच्या पॅरिशमध्ये लागला. तिथे तो गडी म्हणून राहिला होता आणि तिथेच 1829 मध्ये त्याचं कन्फर्मेशन, म्हणजे वयात येताना चर्चमध्ये होणारा धर्मदीक्षेचा विधी, झालं. त्या छापील रकान्यांत आईबापांची नावं, जन्मतारीख, अभ्यास आणि वागणूक कशी, देवी कधी टोचली, सगळं असतं. 1810 पासून देवी टोचल्याशिवाय कन्फर्मेशन होत नसे. जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या नोंदीशी तंतोतंत जुळली.

पण हा पोरगा आणि 1845 मधला संसारी माणूस एकच, हे सांगितलं सैन्यभरतीच्या यादीनं, 'लेग्सरुले'नं. मला ही सगळ्यांत विश्वासाची वाटते. त्या काळी शेतकऱ्याचा मुलगा जन्मताच तिच्यात लिहिला जाई: बापाचं नाव, जन्मगाव, पुढे उंचीसुद्धा. तो दुसऱ्या पॅरिशला गेला की नवा नंबर मिळे, आणि नव्या नोंदीत जुना नंबर राही. नंबराला नंबर जोडत मी त्याच्या जन्मगावापासून निघाले आणि तीन पॅरिश ओलांडून 1845 च्या त्याच वस्तीवर पोचले. तेव्हा कुठे मी म्हटलं, हाच तो.

सासूबाईंना पुन्हा बसवून सांगितलं. आधीच्या तीन पिढ्या वंशावळीतून काढल्या. अडीच वर्षांच्या त्या पोराचं नाव मात्र पुसलं नाही. वहीच्या वेगळ्या पानावर त्याच्या जन्मासमोर दफनाची तारीख लिहून ठेवली आहे, पुढे कुणी त्याला पुन्हा आमच्या माणसाच्या जागी बसवू नये म्हणून.