तुम्ही विचारलंत म्हणून : अभ्यासाशिवाय कॉलेजात काय करायचं?

प्रवेश सुरू झाले की पालक आमच्या विभागाच्या दाराशी थांबतात. फी, बस, वसतिगृह असं सगळं विचारून झालं की निघता निघता कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, अभ्यासाशिवाय पोरीला आणखी कशात पडू द्यायचं का? मार्क कमी नाही ना होणार?" दारात उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. खाली चार माग, वर आम्ही. घरात तेलुगू, शाळेत मराठी. कॉलेजातून आलं की आईबरोबर कांड्या भरायच्या. एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा अर्ज मी भरला, तो मैत्रिणीने भरला म्हणून. वर्षाला १२० तास काम. बावन्न आठवड्यांत वाटले तर आठवड्याला अडीच तासही होत नाहीत, असा हिशेब मांडून वडिलांना पटवलं. सात दिवसांच्या शिबिराला मात्र ते तीन दिवस नाहीच म्हणत होते. शेवटी आईने बॅग भरून दिली.

शिबिर अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात होतं. घरोघरी जाऊन माहितीचे फॉर्म भरायचे. एका आजींना मी विचारलं, घरात शौचालय आहे का? "हाय की," त्या म्हणाल्या. मी बरोबरची खूण केली. माझी मैत्रीण घरी कन्नड बोलणारी. तिने सहज कन्नडमध्ये दोन वाक्यं टाकली आणि आजी खुलल्या. "नीर इल्ला," म्हणत आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. शौचालय होतं, पत्र्याचं दारही होतं, आत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. पाणीच नाही, तर वापरणार कसं? मी ती खूण खोडली. दोन वर्षं माझ्या शेजारी बसणारी मुलगी कन्नड बोलते हे मला माहीत होतं, पण तिच्या त्या भाषेला काय किंमत आहे ते त्या अंगणात कळलं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा आपल्या शहरात रोज कानावर पडतात. वर्गात आपण त्या बाहेर ठेवून बसतो.

मला सांगायचं आहे ते पुढच्या वर्षांचं. पहिल्या शिबिरात मी झाडलोट केली, फॉर्म भरले. शेवटच्या वर्षी सरांनी कोठीची किल्ली माझ्या हातात दिली. पन्नास माणसं, सात दिवस, पीठ-डाळ-तेलाचा हिशेब माझा. चौथ्या दिवशी श्रमदानाला गावची माणसंही आली, त्यांना जेवायला थांबवलं, आणि संध्याकाळी भाकरी कमी पडल्या. मी रडकुंडीला आले. शेजारच्या काकूंनी घरातल्या कडक भाकरी आणून दिल्या, त्या आमटीत कुस्करून सगळे जेवले. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळीच माणसं मोजायला लागले. ही किल्ली पहिल्या वर्षी कुणी देत नाही. म्हणून मुलांना सांगते, एकच काम धरा, पण किल्ली हातात येईपर्यंत सोडू नका. पाच ठिकाणी नावं घालून प्रमाणपत्रं जमवणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. त्यांना कुठेच कुणी ओळखत नाही.

ते काम एनएसएसच हवं असं नाही. युवा महोत्सवाचं पथनाट्य घ्या, हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात एकांकिकेच्या पडद्यामागे उभे राहा, नाहीतर नान्नजच्या माळरानावर पक्ष्यांच्या नोंदी ठेवा.

आता मार्कांचं. दुसऱ्या वर्षी एका विषयात माझे मार्क खरंच कमी झाले. शिबिराहून आल्यावर पंधरा दिवस मी पुस्तक उघडलं नव्हतं. म्हणून आता आमच्या मुलांना परतल्याच्या दुसऱ्या दिवशी बुडालेल्या तासांच्या वह्या उतरवायला बसवते, मी स्वतः समोर बसून. आणि ज्याला संध्याकाळी दुकानात किंवा मागावर उभं राहायचंच आहे, त्याला मी आग्रह करत नाही. त्याचं शिक्षण तिथेही चाललेलं असतं.

मोहोळ-बार्शीहून एसटीने येणाऱ्या मुलींसाठी एनएसएसचं शनिवारचं काम आम्ही दुपारी दोनच्या आत आटोपतो. तुमच्याकडे मी फक्त शिबिराच्या सात रात्री मागते. त्या रात्रींची काळजी वाटत असेल तर शिबिराच्या गावी या, मुली कुठे झोपतात ते बघा, आणि जेवायला थांबा. फक्त येणार असाल तर सकाळी कळवा.