६०० च्या तयारीचा अपडेट: पाय तयार आहेत, आता झोपेचं गणित

२००, ३०० आणि ४०० किलोमीटरच्या झाल्या, एसआरसाठी (सुपर रॅंदोनर, या चारही अंतरांचा किताब) आता फक्त ६०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) राहिलीये. सिंहगड रिपीट्स चालूच आहेत. दुसऱ्यांदा वर जाताना शेवटच्या वळणांवर काय होतं ते इथे सगळ्यांना माहितीये, मांड्या भरून येतात, आता एक पेडलसुद्धा बसणार नाही अशी खात्रीच होते, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी ओव्हरटेक करतं आणि तेच पाय परत पळायला लागतात. हे येतं कुठून, हा प्रश्न मला बरेच महिने छळत होता.

म्हणून वाचायला घेतलं. सामुएले मार्कोरा नावाचा संशोधक आहे, त्याने आणि त्याच्या सहकारी स्तायानोने २०१० मध्ये रग्बी खेळणाऱ्या फिट लोकांना सायकलवर बसवलं, सरासरी २४२ वॅटवर जमेल तेवढा वेळ चालवा म्हणाले, दहाएक मिनिटांत सगळे थांबले. थांबल्या थांबल्या लगेच सांगितलं की आता फक्त ५ सेकंद जीव तोडून मारा, तर सरासरी ७३१ वॅट निघाले. तिप्पट! आता ५ सेकंदांची ताकद वेगळ्या साठ्यातून येते हे मान्य, त्यामुळे पाय ताजेतवाने होते असं मी म्हणणार नाही, पण २४२ काढण्याइतकंही पायात काही उरलं नव्हतं असं तर नक्कीच म्हणता येत नाही. मार्कोराचं म्हणणं, थांबायचा निरोप आधी डोक्यातून येतो, पाय संपायच्या आधी.

त्याचाच २००९ चा प्रयोग तर आपल्या नोकरदार लोकांसाठीच केल्यासारखा आहे. १६ जण, एकदा ९० मिनिटं कॉम्प्युटरवर डोकं शिणवणारं काम आणि एकदा तेवढाच वेळ साधी डॉक्युमेंटरी, त्यानंतर थकेपर्यंत सायकल. डोकं शिणलेलं असताना सरासरी ६४० सेकंद टिकले, नाहीतर ७५४. हृदय, लॅक्टेट (जोरात व्यायाम करताना रक्तात वाढणारा घटक) वगैरेत असं काही सापडलं नाही की ज्याने हा फरक पडावा, फक्त तोच लोड त्यांना पहिल्यापासून जड वाटत होता. हे वाचल्यावर मी एक गोष्ट बदलली, ब्रेव्हेच्या, म्हणजे बीआरएमच्या, आदल्या दिवशी शक्यतो सुट्टी. हिंजवडीत दिवसभर कॉल करून, मग वाकडच्या ट्रॅफिकमध्ये तास घालवून, रात्री बॅग भरून पहाटे स्टार्टला उभं राहायचं यात पाय ताजे असले तरी डोकं आधीच वापरून झालेलं असतं, आणि ४०० ला सुट्टी घेतली तेव्हा पहिल्या खंबाटकीलाच फरक जाणवला, घाट तोच, हार्टरेट तोच, पण अंगावर आला नाही.

पण हा अपडेट खरं तर रात्रीबद्दल आहे. कारण पायांशी वाटाघाटी होतात, जेल खाऊन, खजूर खाऊन, गाणी म्हणून, कोणाच्या तरी मागे चिकटून. झोपेशी होत नाहीत.

४०० ला माझ्यासोबत चिंचवडचे एक काका होते, पन्नाशी ओलांडलेले, केमिस्टचं दुकान आहे, अनेक वर्षं बीआरएम करतायत. त्यांचा एक नियम आहे, रात्री दोननंतर अर्ध्या अर्ध्या तासाने एकमेकांना एकोणीसचा पाढा विचारायचा, मधलाच. अडखळला तो थांबणार, मग पुढचा कंट्रोल (वाटेतला नोंदणीचा थांबा) कितीही जवळ असो. साताऱ्याकडून परत येताना आनेवाडी टोलनाका मागे पडला होता, तीन वाजून गेलेले, रस्ता सरळ, पायात काही त्रास नाही, स्पीड मस्त. काका म्हणाले, "एकोणीस साते?" मी "एकशे..." म्हणालो. आणि पुढे काही बोललोच नाही. आपण अर्धवट थांबलोय हे मला कळलंच नव्हतं, मला वाटत होतं उत्तर देऊन झालं. काका वाद घालत बसले नाहीत, भुईंजच्या अलीकडे एका बंद पंक्चरच्या दुकानाचा ओटा दिसला तिथे सायकली लावल्या, थर्मासमधली कॉफी आधी प्यायला लावली आणि २० मिनिटांचा अलार्म. हेल्मेट उशाला. कॉफी आधी यासाठी की कॅफीन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो आणि उठताना ते कामाला लागलेलं असतं, आणि जास्त वेळ झोपलं तर गाढ झोपेतून उठावं लागतं, मग अर्धा तास डोकं बधिर. उठल्यावर काकांनी परत तेच विचारलं आणि एकशे तेहेतीस पटकन आलं.

मायक्रोस्लीप म्हणजे हेच, दोन-तीन सेकंदांची झोप, कधीकधी तर डोळे उघडे असताना, आणि ज्याला लागते त्याला बऱ्याचदा पत्ता नसतो. ताशी २५ ने जाताना तीन सेकंद म्हणजे २० मीटर, हायवेच्या कडेला, शेजारून ट्रेलर जातायत. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजलं होतं, सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो आणि २४ तासांनी ०.१० टक्क्यांसारखा. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे! सहाच्या स्टार्टसाठी पहाटे चारला उठलेला माणूस रात्री नऊलाच त्या रेषेच्या पलीकडे असतो. त्यात पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमानच सगळ्यात खाली जातं, कितीही ट्रेनिंग केलं तरी ती वेळ ज्याची त्याला येतेच.

म्हणून "६०० एकही मिनिट न झोपता मारली" हे कौतुकाने सांगितलं जातं ते मला मनापासून आवडत नाही, नवीन पोरं ते ऐकून तसंच करायला जातात. रॅमचं (रेस अक्रॉस अमेरिका, अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत) उदाहरण देतात लोक. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ दोघांनी ती सोलो पूर्ण केली, ४८०० किलोमीटरच्या आसपास, बारा दिवसांच्या आत, झोप अगदी थोडी. त्याबद्दल मला प्रचंड आदर आहे. पण त्यांच्या मागे रात्रभर क्रूची गाडी असते, लाईट टाकून, माणूस डुलतोय का हे बघायला दुसरी माणसं असतात, आणि आपली बीआरएम सेल्फ-सपोर्टेड असते, मागून येणारी गाडी आपली नसते.

तर ६०० चा प्लॅन असा. सकाळी सहाचा स्टार्ट, ४० तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री दहापर्यंत, सरासरी ताशी १५ किलोमीटर लागते. ब्रेक धरून १८ पडली तर रात्री ११ च्या आत ३०० पूर्ण होतात, १५ च्या हिशोबाने ते २ ला व्हायला हवेत, म्हणजे तीन तासांपेक्षा थोडा जास्त वेळ हातात राहतो. रूट निपाणीपर्यंत जाऊन परत आहे, येताना कोल्हापूर साधारण ३०० च्या पुढेमागेच पडतं. तिथे ११ ते २ सरळ आडवं व्हायचं, ओट्यावर नाही, गादीवर. तीन ते पाचची वेळ सायकलवरच येणार, पण तेव्हा झोपेच्या दोन फेऱ्या पदरात असतील. ११ च्या ऐवजी १२ वाजले तर दोन तास झोपायचं, त्याच्या खाली जायचं नाही, पुढे वेळ कमी पडला तर डीएनएफ घ्यायचा (राईड अर्धवट सोडायची) असं काकांशी आधीच बोलून ठेवलंय. ते पण येतायत.

आता पुढच्या वीकेंडला बोपदेव आणि दिवे घाट मिळून एक नाईट राईड आहे, मुद्दाम दिवसभर जागं राहून संध्याकाळी निघायचं, पाढा चालू ठेवून. कोणाला यायचं असेल तर सांगा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि दोन टेललाईट लागतीलच. आणि कोल्हापुरात हायवेलगत रात्री ११ ला दार उघडणारं, सायकल खोलीत घेऊ देणारं लॉज कोणाच्या माहितीत असेल तर प्लीज कळवा, दोन सिंगल बेड असले तरी पुरे.