मोजणीत मिळवलेले एक बाळ

“पुरात गेलेल्यांचा आकडा १८३६ लिहा, १८३५ नव्हे,” असे नेदरलँड्समधील ऑवेरकेर्कच्या महापूर संग्रहालयात माहिती देणाऱ्या आजींनी आज सांगितले आणि आमच्या वह्या थांबल्या.

३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राने बांध फोडले, तेव्हा जन्मलेले आणि त्याच पुरात गेलेले एक बाळ आधीच्या मोजणीत नव्हते. ते पुढे मिळवले गेले. हे संग्रहालयही ज्या काँक्रीटच्या अवाढव्य पेट्यांत आहे, त्यांनीच त्या नोव्हेंबरात शेवटचे भगदाड बुजवले होते.

मी पुण्याची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. पण धरणांच्या तासाला आम्ही केवळ उंची, साठा आणि विसर्ग शिकलो. तो पूर पाहिलेली माणसे आजही पेठांत राहतात. त्यांना आमच्या वर्गात कोणी का बोलावत नाही?