उसने नाव

मिळकतींचा शोध घेणे हा माझा गेल्या चोवीस वर्षांचा व्यवसाय आहे. सातबारा, फेरफार आणि नोंदणी कार्यालयातील सूची घेऊन तीस वर्षे मागे जायचे आणि अहवालाच्या शेवटी ‘निर्वेध व बोजारहित’ हे शब्द लिहिता येतात की नाही ते ठरवायचे, यावर पुण्यातल्या माझ्यासारख्या वकिलाचा संसार चालतो. त्यामुळे एका निवृत्त अभियंत्यांनी बालीतल्या एका खेड्यातील दहा ‘आर’ (सुमारे दहा गुंठे) भातशेतीची कागदपत्रे माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. त्या देशाच्या कायद्यावर मत देण्याचा मला अधिकार नाही, तिथलाच जाणकार गाठा, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी देनपासारच्या, म्हणजे बालीच्या राजधानीतल्या, एक नोटरी आधीच गाठल्या होत्या. “मत त्यांचंच घेऊ, मॅडम. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि मला मराठीत समजावून सांगा,” असे ते म्हणाले. मुलगा सिंगापुरात, सून तिथलीच, आणि निवृत्तीनंतर डोंगरउतारावर चार खोल्यांचे अतिथिगृह काढायचे ही त्यांची इच्छा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो.

जमीन कोणाच्या नावावर घेणार, हा माझा पहिला प्रश्न होता. इंडोनेशियाचा मूलभूत भूमी कायदा १९६० सालचा आहे आणि त्याच्या कलम २१ प्रमाणे पूर्ण मालकीचा हक्क फक्त तिथल्या नागरिकाला मिळतो. परकीयाला भाडेपट्टा घेता येतो, ठरावीक मुदतीचा वापरहक्क घेता येतो, किंवा परकीय गुंतवणुकीची कंपनी काढता येते, पण त्या कंपनीला दहा अब्ज रुपियांहून मोठ्या गुंतवणुकीची अट आहे. मध्यस्थाने यातले काहीच सुचवले नव्हते. गावातल्या एका पर्यटक-गाडीच्या चालकाच्या नावावर खरेदी करायची, त्याच वेळी त्याच्याकडून कर्जरोखा, पंचवीस वर्षांचा भाडेपट्टा आणि रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र लिहून घ्यायचे, अशी ती योजना होती. तिथे याला ‘पिंजाम नामा’ म्हणतात. अर्थ अगदी सरळ आहे, उसने नाव. अशील हसून म्हणाले, “हे तर आपल्याकडेही चालतंच की.” मी तेव्हा त्यावर काही बोलले नाही.

देनपासारहून पहाटे साडेपाचला निघूनही तबानान जिल्ह्यातल्या त्या गावी पोचायला सव्वादोन तास लागले. तिथून बेटाच्या पश्चिम टोकाला जाणारा मुख्य रस्ता एकच असून जावाची फेरीबोट गाठणाऱ्या मालमोटारी त्यावर रांगेने चालतात. मध्यस्थाच्या पत्रकात मात्र पश्चिम टोकाच्या गिलिमानुक बंदरापासून देनपासारजवळच्या मेंगवीपर्यंत असा सुमारे ९६ किलोमीटरचा जलदगती मार्ग झाला की विमानतळ तासाभरावर येईल, असे छापलेले होते. त्या मार्गाची पायाभरणी २०२२ च्या सप्टेंबरात झाली आणि पुढे काम रखडले. अतिथिगृहाचा सगळा हिशेब या न झालेल्या रस्त्यावर उभा होता. पाहुण्याला विमानतळावर मिळणारा व्हिसा तीस दिवसांचा असतो आणि एकदाच वाढवून मिळतो. गावात मुक्कामाला आलेला बहुतेक माणूस चौथ्या दिवशी समुद्राकडे पळतो, असे आमच्या चालकाचे मत होते. नाव उसने देणारा तो हाच चालक. तो हे इतक्या मोकळेपणाने सांगत होता, की आपण आपल्याच गिऱ्हाइकाचा हिरमोड करीत आहोत हे त्याच्या लक्षात आले नसावे.

गावप्रमुखाला बालीत ‘पर्बेकेल’ म्हणतात. त्याच्या कार्यालयात नोटरीबाईंनी प्रमाणपत्र वाचायला घेतले. (तिथला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाच्या फाटकाशी शिक्के मारणारा नोटरी नव्हे. तो स्वतः दस्त तयार करणारा सरकारमान्य अधिकारी असतो, आणि या बाई जमिनीच्या दस्तांसाठीही नेमलेल्या होत्या.) हिरव्या आवरणाचे, गरुडाची मुद्रा असलेले ते पुस्तक होते. त्या वाचत होत्या आणि दुभाष्या तोंड उघडण्याआधीच मला शब्द कळत होते. हाक मिलिक, नामा, साक्सी, आहली वारिस. हक्क, मिळकत, नाव, साक्षी, वारस. आमच्या दस्तांत जसे अरबी आणि संस्कृत शब्द आले, तसेच ते इथेही उतरले आहेत. क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेले होते, तरी बोलताना सगळे ‘आर’च म्हणत होते. आपल्या सातबाऱ्यावरचा हेक्टर-आर मधला हाच तो आर, आपल्या गुंठ्याहून थोडासाच लहान. इतके ओळखीचे वाटले, की माझ्या हातून चूक होण्याची खरी भीती मला त्याच क्षणी वाटली.

मालकाचे नाव बरोबर होते. बोजा नव्हता. कर भरल्याच्या पावत्या होत्या. आमच्या भाषेत मालकीहक्क निर्वेध होता. मग बाईंनी मागचे पान उलटून मोजणीचा नकाशा माझ्यापुढे सरकवला आणि काहीच बोलल्या नाहीत. तो नकाशा मी दोनदा वाचला. उत्तरेला पाट, दक्षिणेला पाट, पूर्वेला आणि पश्चिमेला शेजाऱ्याची शेते. रस्ता कुठेच नव्हता.

म्हणून आम्ही जागेवर गेलो. डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंत बांधावरून चालत जायला बारा मिनिटे लागली. बांध एका पावलाएवढा रुंद होता आणि आमचे अशील दोनदा चिखलात उतरले. शेताच्या वरच्या अंगाला पाटावर एक आडवे लाकूड बसवलेले होते आणि त्याला सारख्या खोलीच्या, पण कमीजास्त रुंदीच्या चार खाचा कोरलेल्या होत्या. बालीत पाण्याचा कारभार ‘सुबाक’ नावाच्या शेतकऱ्यांच्या संघटनेकडे असतो. डोंगराच्या याच उतारावरचे जतिलुविह आणि बालीतले इतर काही सुबाक २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण त्या यादीचे महत्त्व मला त्या लाकडापाशी वाकून पाहिल्यावरच कळले. पाण्याच्या वाट्याचे माप ‘तेकतेक’. ज्याचा वाटा मोठा त्याची खाच रुंद, आणि बोट घालून मोजता येईल इतका तो हिशेब उघड. आमच्या शेताची खाच माझ्या वितीहून किंचित लहान भरली.

सुबाकचा प्रमुख, त्याला ‘पेकासेह’ म्हणतात, तिथे आधीच येऊन उभा होता. त्याने जमिनीच्या किमतीबद्दल किंवा आमच्या देशाबद्दल काही विचारले नाही. “पाणी घेणार का?” एवढेच विचारले. शेत करणार असाल तर पाट साफ करायच्या दिवशी हजर राहावे लागेल आणि पाणमंदिराच्या उत्सवाची वर्गणी द्यावी लागेल. शेत करणार नसाल तर ही खाच बुजवायची की खालच्यांना वाटून द्यायची, हे त्याला बैठकीत मांडावे लागणार होते. घर बांधायचे आहे, असे अशिलांनी सांगितल्यावर तो नोटरीबाईंकडे पाहू लागला. बाईंनी मग शांतपणे सांगितले, की ही जमीन भातशेतीसाठी राखलेल्या हरित पट्ट्यात आहे आणि इथे अतिथिगृहाला बांधकाम परवानगी मिळणार नाही. हे त्यांनी आदल्या दिवशीच तपासून ठेवले होते. माणसाने ते स्वतः बांधावर उभे राहून ऐकावे, अशी त्यांची पद्धत असावी. मला ती आवडली.

एवढ्यावर काम संपायला हरकत नव्हती. पण चालकाने चहाला घरी नेले. बालीतले घर म्हणजे एका कुंपणात वेगवेगळ्या ओवऱ्या आणि ईशान्येच्या बाजूला कुटुंबाचे देवस्थान, ‘सांगाह’. हे घर ज्या जागेवर उभे होते ती जागासुद्धा त्या कुटुंबाची नव्हती. ती पारंपरिक ग्रामसंस्थेची, म्हणजे ‘देसा अदात’ची. कुटुंबाने गावाची कामे करायची आणि राहायचे, विकायचे मात्र नाही. वतनाच्या जुन्या फायली वाचलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही.

चालकाची आई केळीच्या पानावर भाताचे पदार्थ मांडत होती. मुलगा आपले नाव कशासाठी देतो आहे, हे तिला बहुधा त्या दिवशीच नीट कळले. तिने हातातले काम थांबवून विचारले आणि दुभाष्याने ते आम्हाला सांगितले. “उद्या माझा मुलगा गेला, तर शेत त्याच्या मुलाच्या नावावर येणार. आमच्यात ज्याच्याकडे शेत जातं, त्याच्याकडे सांगाहची पूजा जाते. हे साहेब पूजा करायला येणार, की माझ्या नातवाला कोर्टात नेणार?”

कोणीच उत्तर दिले नाही. चालक मान खाली घालून बसला. मग नोटरीबाईंनी कलम २६ चा दुसरा परिच्छेद तोंडपाठ सांगितला. परकीयाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे मालकी देणारा व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. जमिनीच्या व्यवहारात असे रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र वापरायला तर १९८२ पासूनच मनाई आहे. असे दस्त करून देणारी कार्यालये आहेत, आपण करून देत नाही, असेही त्या म्हणाल्या. त्यांनी दिवसाचे शुल्क घेतले आणि पावती दिली.

परतीच्या वाटेवर मी अहवालाचे मुद्दे लिहीत होते. रस्ता नाही, बांधकाम नाही, मालकी नाही. याच गावात आधीच बांधलेल्या घरातल्या दोन खोल्या वर्षाच्या भाड्याने मिळत होत्या आणि त्यात बेकायदेशीर काही नव्हते, तोही मुद्दा मी जोडला. अशील बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. चप्पल सुकावी म्हणून त्यांनी ती पायाजवळ उलटी ठेवली होती. मालमोटारींच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा ते हळूच म्हणाले, “मॅडम, पुण्याला गेल्यावर तुम्हाला एक फाईल दाखवायची आहे. मुळशीतली. चाळीस गुंठे आहेत. मी शेतकरी नव्हतो, म्हणून तेव्हा आमच्या सुताराच्या नावावर घेतली होती.”

“सुतार आहेत का अजून?” मी विचारले.

“दिवाळीत गेले,” ते म्हणाले. “तीन मुलं आहेत त्यांना.”