तेराशे रुपयांच्या इअरबड्समधला तानपुरा

इअरबड्सबद्दल कुठेही वाचायला गेलं की 'बेस दणदणीत आहे' इथून सुरुवात होते आणि जवळपास तिथेच शेवट. ज्यांना ख्याल, नाट्यसंगीत, अभंग ऐकायचे असतात त्यांना या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. मी मिरजेत राहते, कोल्हापुरात हिशेबाचं काम करते आणि संध्याकाळी गाणं शिकते. रोजच्या रेल्वेप्रवासात जाता-येता जो वेळ मिळतो, तोच माझा निवांत ऐकण्याचा वेळ. त्यासाठी गेले काही महिने जी जोडी वापरतेय तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं होतं.

जोडी १,२९९ रुपयांची. कानाच्या आत बसणारी, बाहेर छोटी दांडी असलेली, १० मिलिमीटरच्या ड्रायव्हरची (ड्रायव्हर म्हणजे आत बसवलेला इवलासा स्पीकर). कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतली मॉडेल्स इतकी भराभर बदलतात की तुम्ही दुकानात जाईपर्यंत नाव वेगळं झालेलं असतं. काय ऐकून बघायचं, ते मात्र तेच राहतं.

मी सगळ्यात आधी तानपुरा लावते. नुसता तानपुरा, गाणं नाही. माझा षड्ज, म्हणजे 'सा', काळी चारचा, हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. त्या तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची तार साधारण १०४ हर्ट्झला वाजते. तानपुरा नीट जुळला असेल तर याच तारेतून, कुणी छेडलेला नसताना, गंधार म्हणजे 'ग' ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट, म्हणजे जवळजवळ ५२० हर्ट्झला तो असतो. स्वस्त इअरबड्समध्ये कारखान्यातूनच खालचे सूर फुगवून दिलेले असतात, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकणाऱ्याला तेच भारी वाटतं. त्या फुगवट्यात खर्जाची तार नेमकी सापडते. ती इतकी घुमते की गंधार तिच्याखाली दबून जातो. गाणं शिकणाऱ्याचं यात खरं नुकसान आहे. ज्या गंधाराशी आपला गंधार मिळवायचा तोच ऐकू येत नसेल, तर अशा इअरबड्समधून रोज तासभर ऐकून कानाला सवय कसली लागणार?

ही जोडी घेतली त्याच आठवड्यात मी ती सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते बऱ्याच जणांनी वाचलं असेल. ते काम ज्या गल्लीत चालतं ती ही. ओळखीचे एक चाचा एका जनानी तानपुऱ्याची जवारी लावत बसले होते, म्हणजे तारेला झणकार यावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून जुळवत होते. घोडीवर कानस फिरवायची, पुसायचं, तार छेडायची, मग तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे सरकवायचा आणि पुन्हा छेडायची. मी म्हटलं, "चाचा, जरा हे कानात घालून बघा." त्यांनी हात पुसले, दोन्ही बड्स नीट बसवले, डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "तारा वाजाय लागल्यात, पण जवारी बंद हाय. दोरा काढून घेतल्यागत."

यापेक्षा नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही. दोरा काढला की तार वाजते, पण तिच्यातली ती झणकार, ते वरचे सूर मिटून जातात. पेटीतून काढल्या काढल्या हे इअरबड्स नेमके तेच करतात.

पण म्हणून ते टाकाऊ नाहीत, आणि ही पोस्ट लिहायचं कारण तेच आहे. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये इक्वलायझर, म्हणजे खालचे-मधले-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय आहे. मी सर्वांत खालच्या दोन पट्ट्या बऱ्यापैकी उतरवल्या, मधल्या किंचित वर केल्या आणि वरच्यांना हात लावला नाही. वरच्या चढवल्या की सतारीचं आणि व्हायोलिनचं वाजणं टोचायला लागतं. हे सेटिंग बड्समध्येच साठवलं जातं, त्यामुळे फोन बदलला तरी राहतं. चाचांना तिथेच पुन्हा ऐकवलं. "आता गंधार आला," ते म्हणाले, "खर्ज अजून थोडा फुगलेला हाय, पण चालंल." माझंही मत तेच. तबल्यात फरक अजून ठळक जाणवतो. आधी डग्गा नुसता थडथडत होता, त्याची मींड, म्हणजे सूर घसरत जाणं, कळत नव्हती. आता 'धा' वाजला की डग्गा आणि दायाँ वेगवेगळे ऐकू येतात आणि चाटेवरचा, म्हणजे दायाँच्या कडेवरचा 'ना' स्वच्छ येतो. ज्या जोडीच्या अ‍ॅपमध्ये इक्वलायझर नाही, ती या किमतीत मी तरी घेणार नाही.

इक्वलायझरला हात लावण्याआधी मात्र रबरी टिप्स बदलून बघा. पेटीत तीन मापं येतात आणि मधलं माप आधीच चढवलेलं असतं. बहुतेक लोक ते तसंच वापरतात. माझ्या उजव्या कानाला मधलं बसतं, डाव्याला लहान लागतं. दोन्ही कान सारखे असतील असं काही नाही. टीप सैल असेल तर खर्ज चक्क गायब होतो आणि मग माणूस बेस वाढवत बसतो. मी अशी तपासते: तानपुरा चालू ठेवून तोंड उघडायचं, जांभई द्यायची, मान फिरवायची. खर्ज कमी-जास्त होत असेल तर माप चुकलंय. यासाठी पैसे लागत नाहीत, आणि आवाजात जेवढा फरक यानं पडतो तेवढा कोडेक वगैरेनं पडत नाही. कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत. त्यात एसबीसी की एएसी यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. या किमतीच्या ड्रायव्हरवर मला तरी त्यातला फरक ओळखता आलेला नाही.

दुसरी माझी कसोटी जुन्या ध्वनिमुद्रिकांची. मिरजेत राहून किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं ऐकायचं नाही असं होत नाही. त्यांची कबर इथल्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, आणि सगळं मोनो. मोनो म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही कानांत हुबेहूब तोच आवाज. तेव्हा खाँसाहेबांचा सूर डोक्याच्या बरोबर मध्यभागी उभा राहायला हवा. मला आधी मिळालेल्या जोडीत तो उजवीकडे सरकलेला होता. टिप्स अदलाबदल करून पाहिल्या, जाळी पुसून पाहिली, तरी तो तिथेच. म्हणजे डावा ड्रायव्हर मुळातच क्षीण. दुकानदारानं मुदतीत बदलून दिली, दुसऱ्या जोडीत सूर मध्यभागी आला. स्वस्त मालात दोन ड्रायव्हर जुळवून घालण्यावर फार खर्च होत नाही, त्यामुळे असं होऊ शकतं. नव्या स्टिरिओ गाण्यांत हे लक्षातही येत नाही. मोनो लावलं की लगेच कळतं. खरखरीची काळजी करू नका, ती तबकडीची आहे. उलट ती टोकदार, कान कापणारी ऐकू आली तर इअरबड्सचे वरचे सूर जास्त चढलेले आहेत असं समजायचं.

आता रेल्वे. मिरज सोडलं की थोड्याच वेळात कृष्णेचा पूल येतो, पुढे जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. पुलावर गाडी आली की लोखंडाचा जो आवाज होतो त्यात विलंबित ख्यालातला आलाप ऐकू येणं शक्यच नाही, आणि या जोडीतही येत नाही. पेटीवर मोठ्या अक्षरांत 'ईएनसी' छापलंय. ते पाहून माझ्या ऑफिसातल्या दोघींना वाटलं होतं की बाहेरचा आवाज बंद होतो. तसं नाही. ईएनसी तुमच्या माइकसाठी असतं, फोनवरच्या समोरच्या माणसाला गलका कमी जावा म्हणून. तुमच्या कानात येणारा आवाज कमी करतं ते एएनसी, आणि ते या जोडीत नाही. एएनसी असतं तरी इंजिनासारखी संथ, सलग घरघर ते कमी करतं. चहावाल्याची हाक, खिडकीचा खडखडाट यावर त्याचा फारसा इलाज चालत नाही. नीट बसलेली रबरी टीपच इथे अर्धं काम करते. फोनवर बोलायला मात्र जोडी चांगली आहे. गाडीतून आईला फोन केला तरी तिला माझं बोलणं कळतं, फक्त खिडकीशी बसलं की वारा माइकमध्ये शिरतो.

गोंगाटात आवाज वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, अशी मर्यादा सांगितली आहे. त्यापुढे आवाज जसा वाढेल तसा सुरक्षित वेळ झपाट्यानं घटतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. म्हणून मी पुलावर गाणं थांबवते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा लावते. गाण्याच्या माणसाकडे कानाशिवाय दुसरं भांडवल काय असतं?

बॅटरीबद्दल थोडक्यात. पेटीवर ४० तास लिहिलंय ते डबीसकट आणि आवाज निम्म्यावर ठेवून. बड्स स्वतः एका चार्जवर पाचेक तास चालतात, माझ्या जाण्या-येण्याला ते भरपूर झाले. चार्जिंग टाइप-सीनं होतं. आयपीएक्स४ आहे, म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांचं भय नाही. कोल्हापूरच्या पावसात ओल्या हातानं काढले-घातले, काही झालं नाही. डबीला मात्र पाणी लागू देऊ नका, ते मानांकन सहसा फक्त बड्सचं असतं.

स्कूटी चालवणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट. बड्स कानात असताना तोंडाचा स्कार्फ बांधताना-सोडताना कापड दांडीवरच्या टचला घासतं आणि गाणं थांबतं नाहीतर पुढचं लागतं. अ‍ॅपमध्ये एका टॅपचं काम बंद करता येतं, दोन टॅपचं चालू ठेवता येतं. मी तसंच केलंय. आणि गाडी चालवताना दोन्ही कानांतले काढूनच ठेवते.

एका कामाला ही जोडी अजिबात चालत नाही, आणि यात या जोडीचा दोष नाही. ब्लूटूथचे बहुतेक इअरबड्स ऑनलाइन शिकवणीला लावले आणि त्यांचा माइक सुरू झाला, की जोडणी गाण्याच्या पद्धतीवरून फोनकॉलच्या पद्धतीवर जाते. आवाजाची रुंदी एकदम आक्रसते. माझ्या गाण्याच्या बाईंचा तानपुरा सपाट होतो, आणि माझा तर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. गोंगाट हटवणारी यंत्रणा सलग चालणाऱ्या आवाजालाच गोंगाट समजते, आणि तानपुऱ्याइतकं सलग दुसरं काय वाजतं? बाई विचारायच्या, "तानपुरा लावलायस ना?" आणि तो माझ्या मांडीशेजारी मोठ्यानं वाजत असायचा. यावर उपाय म्हणजे झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करायचं, माइक फोनचा वापरायचा आणि कानात वायरचे इअरफोन घालायचे. माझे वायरचे साडेतीनशे रुपयांचे आहेत, आणि रविवारच्या शिकवणीला तेच लावते.